धोळावीरा: पाण्याच्या मागे चालत पाहिलेलं शहर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्चुअली" थोडे कमी केलेत. सगळे नाही.

आज कच्छच्या रणातल्या धोळावीराबद्दल बोलायचंय. आम्ही चौघं कॉलेजचे मित्र डिसेंबरात तिथे जाऊन आलो. दोघं माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले, एक मैत्रीण सिव्हिल इंजिनिअर आणि एक मित्र मूळचा लातूरचा. तो लातूरचा आहे हे मुद्दाम सांगतोय, पुढे कळेल का ते.

नावाचं आधी सांगून टाकतो. बऱ्याच ठिकाणी "धोलावीरा" असं लिहिलेलं दिसतं. पण गुजरातीत आपल्यासारखाच "ळ" आहे आणि तिथले लोक "धोळावीरा"च म्हणतात. मग आपण कशाला जीभ वळवायची?

प्रश्न एकच: पाणी कुठून?

मोहेंजोदडो सिंधूच्या काठी, हडप्पा रावीच्या जुन्या पात्राजवळ. शहर म्हटलं की नदी आलीच, हे आपण शाळेपासून ऐकतोय. धोळावीराला मात्र बारमाही नदी नाही. कच्छच्या मोठ्या रणात खडीर नावाचं एक बेट आहे, त्याच्या वायव्य कोपऱ्यात हे शहर. चहूबाजूंना मिठाची पांढरी जमीन. पावसाळ्यात त्या जमिनीवर पाणी पसरतं, पण ते खारं.

आता पाऊस किती? कच्छात पुण्याच्या साधारण निम्मा. तोही दरवर्षी पडेलच असं नाही, आणि पडला तर थोड्या दिवसांत धो धो पडून मोकळा. तरीही हे शहर इसवी सन पूर्व ३००० ते १५०० या काळात, म्हणजे साधारण दीड हजार वर्षं, कमी-अधिक वस्तीने टिकलं. सिंधू संस्कृतीच्या सगळ्यात मोठ्या पाच-सहा शहरांत ते मोडतं.

मला या सगळ्या अवशेषांत शेवटी एवढंच महत्त्वाचं वाटलं. इथले लोक नदीकाठी शहर वसवायला गेले नाहीत. आहे त्या पावसावर त्यांनी शहर उभं केलं. त्यामुळे तिथे गेलात तर राजवाडा कुठे, देऊळ कुठे असं शोधू नका. पाण्याच्या मागे चालत राहा, शहर आपोआप उलगडतं.

थोडी पार्श्वभूमी

गावातले लोक त्या टेकाडाला पूर्वापार "कोटडा" म्हणायचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जगत्पती जोशी यांनी या जागेची नोंद केली. मोठं उत्खनन १९९०च्या आसपास रवींद्रसिंह बिष्ट यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं आणि २००५ पर्यंत चाललं. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने धोळावीराला जागतिक वारसा यादीत घेतलं. भारतातलं ते चाळिसावं स्थळ.

शहराची रचना आपल्याला, म्हणजे किल्ले फिरणाऱ्या मराठी माणसाला, पटकन कळते. सगळ्यात उंचावर बालेकिल्ला. त्याला चिकटून आपल्या माचीसारखा भाग. त्याच्या उत्तरेला मोठं मोकळं मैदान, २८३ मीटर लांब आणि साधारण ४७ मीटर रुंद, कडेला बसायला पायऱ्यापायऱ्यांचे ओटे. मग मधलं शहर आणि पूर्वेला खालचं शहर. या सगळ्याला वेढणारी बाहेरची तटबंदी पूर्व-पश्चिम ७७१ मीटर आणि उत्तर-दक्षिण जवळपास ६१७ मीटर. बांधकामात दगड भरपूर. मोहेंजोदडोचे विटांचे फोटो डोक्यात ठेवून गेलात तर इथे आधी ते बाजूला ठेवावे लागतात.

पहिली गोष्ट: उतार

आमच्यासोबत गावातलेच एक गाइडकाका होते. आम्ही आल्याआल्या बालेकिल्ल्याकडे निघालो, तर ते म्हणाले, "आधी नाला बघा, मग किल्ला." उन्हात हे काय, असं वाटलं. पण त्यांचंच बरोबर होतं.

शहराच्या दोन बाजूंनी दोन नाले जातात. उत्तरेकडचा मानसर आणि दक्षिणेकडचा मनहर. दोन्ही पावसाळी. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही ठणठणीत कोरडे, नुसते गोटे आणि बाभळी. हडप्पाकालीन लोकांनी या नाल्यांवर दगडी बांध घातले आणि पाणी अडवून शहराकडे वळवलं.

शहराची जागाच उतारावर आहे. वरच्या आणि खालच्या टोकात साधारण १३ मीटरचा फरक. आमची सिव्हिलवाली मैत्रीण तिथेच थांबली. म्हणाली, "अरे, पंप नाही, मोटर नाही. तेरा मीटरचा उतार म्हणजे यांची फुकटची वीज आहे." वरचा हौद भरला की जादा पाणी खालच्या हौदात, तो भरला की त्याच्या खालच्यात. शहराच्या तटाला लागून अशी हौदांची अख्खी माळ आहे. मध्ये बांधासारख्या जाड भिंती सोडल्यात. त्या पाणी अडवतात आणि त्यांच्यावरून चालतही जाता येतं.

आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सगळा ट्रॅफिक वर्षातल्या मोजक्या दिवसांत येणार आणि उरलेलं वर्ष सर्व्हर रिकामा. मग काय करायचं? आला लोंढा की तो आधी कुठेतरी झेलून ठेवायचा, आणि नंतर लागेल तसा वापरायचा. आम्ही त्याला बफर म्हणतो. यांनी तो खडकात खोदला.

दुसरी गोष्ट: खोली

बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा हौद बघितल्यावर आम्ही चौघंही गप्प झालो. लांबी ७३ मीटरच्या वर, रुंदी साधारण २९ मीटर आणि खोली १० मीटरच्या आसपास. मोहेंजोदडोचं प्रसिद्ध स्नानगृह साधारण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरही खोल नाही. म्हणजे तुलनाच करू नका. एका बाजूने पायऱ्या उतरत जातात. पाणी जसं खाली जाईल तसं माणूस त्याच्या मागे खाली जाणार. आपल्याकडच्या बारवा बघितल्या असतील तर ही कल्पना ओळखीची वाटेल.

दक्षिणेकडचे काही हौद तर थेट खडक कोरून केलेत. ते बघून मला सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची टाकी आठवली. ट्रेकला गेल्यावर आपण बाटली भरून घेतो ना, तीच टाकी. काळ वेगळा, माणसं वेगळी. पण वर पाणी नसलेल्या जागी राहायचं म्हटलं की खडकाला हात घालावाच लागतो.

इतकं खोल का खणायचं? पाण्याची वाफ वरच्या पृष्ठभागावरून होते. तेवढंच पाणी उथळ तळ्यात पसरवून ठेवलं तर ऊन ते झपाट्याने उडवून नेतं. अरुंद आणि खोल हौदात पृष्ठभाग कमी, म्हणून नुकसानही कमी. कच्छच्या उन्हाळ्यात हा फरक जगण्या-मरण्याचा.

आम्ही तिथेच मोबाइलवर हिशोब मांडला. ७३ गुणिले २९ गुणिले १०, म्हणजे सुमारे २१ हजार घनमीटर. लिटरमध्ये दोन कोटी दहा लाख. हौदाच्या कडा, पायऱ्या यांमुळे खरा आकडा कमी भरेल, हा फक्त ढोबळ अंदाज. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २,१०० टँकर. आणि हा फक्त एक हौद.

लातूरचा मित्र तोवर काहीच बोलला नव्हता. त्याने स्वतःचा हिशोब केला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आठवतंय ना? पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि साधारण पाच लाख लिटर पाणी. तो म्हणाला, "ह्या एका हौदात तसल्या चाळीस गाड्या मावतात." मग पायरीवर बसून त्याने त्या उन्हाळ्यातलं सांगितलं. घागरींच्या रांगा, रात्री नंबर लावून झोपणं, आई धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडांना वापरायची. कॉलेजची चार वर्षं एका खोलीत काढली, पण हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

मग तो जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो. "खणायला माणसं लागली असतील, ते तर आहेच. पण यंदा पाऊस चांगला झालाय, हौद भरलाय, तरी अजून एक खणायचा, हे कुणीतरी म्हटलंच असेल ना? अन् बाकीच्यांनी ऐकलं असेल. आमच्याकडं पाऊस झाला की सगळे विसरतात."

गाइडकाका हसले. म्हणाले, "इधर भी वही है, भाई."

तिसरी गोष्ट: दोन पाणी वेगळी

बालेकिल्ल्यावर चढल्यावर दगडी गटारं दिसतात. गटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाण येते. ही मात्र पावसाच्या पाण्याची. किल्ल्यावर पडणारं पाणी गोळा करून साठवणीकडे नेणारं जाळं. काही ठिकाणी ती इतकी मोठी आहेत की माणूस आत शिरू शकेल. वर दगडी फरशा आणि मध्ये मध्ये हवेसाठी उभी भोकं.

घरातलं सांडपाणी या गटारांत सोडायचं नाही, अशी व्यवस्था होती. त्यासाठी घराबाहेर जमिनीत मोठे रांजण पुरलेले सापडलेत. सांडपाणी त्यात जायचं आणि जमिनीत मुरायचं. आपण आज शोषखड्डा म्हणतो, तसं.

मला यात सगळ्यात मोठी हुशारी वाटते. हौद खणायला ताकद लागते, पण दोन पाणी वेगळी ठेवायला शिस्त लागते. एका घराने जरी सांडपाणी चुकीच्या गटारात सोडलं तरी खालच्या सगळ्यांचं पाणी बिघडणार. म्हणजे नियम होते आणि ते पाळलेही जात होते. कोण पाळायला लावत होतं, राजा की पंचायत की व्यापाऱ्यांचं मंडळ, ते दगडांवरून कळत नाही.

बालेकिल्ल्यावर एक विहीरही आहे. तिच्या काठाच्या दगडावर दोरीने घासून पडलेल्या खाचा आहेत. अख्ख्या धोळावीरात मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट ती. तटबंदी कुणी बांधली माहीत नाही, पण इथे कुणीतरी रोज उभं राहून पाणी शेंदत होतं, हे डोळ्यांना दिसतं.

दहा अक्षरांची पाटी

आता तुम्ही म्हणाल, त्या पाटीचं सांग. सांगतो.

बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजात, आपल्या किल्ल्यांवरच्या देवडीसारखी एक खोली आहे. तिथे दहा मोठी चिन्हं ओळीने पडलेली सापडली. जिप्समचे पांढरे तुकडे जोडून ती केलेली. एकेक चिन्ह साधारण ३७ सेंटिमीटर उंच, आणि पूर्ण पाटी तीन मीटरच्या आसपास. लाकडी फळीवर ती बसवलेली असावीत. फळी कुजून गेली, चिन्हं राहिली. बहुतेक सिंधू लेख बोटभर मुद्रांवर असतात, त्यामुळे लांबून दिसावी एवढी मोठी पाटी म्हणजे कौतुकाची गोष्ट. दहापैकी चार वेळा तर आऱ्यांच्या चाकासारखं एकच चिन्ह येतं.

त्यावर काय लिहिलंय? सिंधू लिपी आजही वाचता आलेली नाही. कुणी "मी वाचली" म्हणून व्हिडिओ पाठवला तर शांतपणे दुर्लक्ष करा. जिची भाषा माहीत नाही, लेख छोटे छोटे आहेत आणि सोबत दुसऱ्या ओळखीच्या लिपीतला तोच मजकूर नाही, अशी लिपी फोडणं फार अवघड असतं. सोर्स कोड नाही, डॉक्युमेंटेशन नाही, फक्त दहा अक्षरांचं आउटपुट. सांगा, काय डीबग करणार?

मग संपलं कसं?

इतकी चोख व्यवस्था असून शहर ओस का पडलं, हा प्रश्न परतताना गाडीत सगळ्यात जास्त चघळला गेला.

पहिलं म्हणजे ते एका रात्रीत संपलं नाही. उत्खननात वस्तीचे सात टप्पे सापडलेत. मधल्या एका टप्प्यात भूकंपाच्या खुणा आहेत. लोकांनी त्यानंतर शहर दुरुस्त केलं आणि वाढवलं. वैभवाच्या काळात इथे मण्यांचं, शंखांचं, तांब्याचं काम चालायचं आणि व्यापार थेट ओमान, मेसोपोटेमियापर्यंत जोडलेला होता. तेव्हा रणात समुद्राचं पाणी खेळत असावं आणि होड्या जवळपर्यंत येत असाव्यात, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. इथल्या अवशेषांत खारफुटीत राहणाऱ्या गोगलगायींचे शंख सापडलेत, ते याच्याशी जुळतं.

मग उतरण लागली. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी जगाच्या बऱ्याच भागांत मोठा कोरडा काळ सुरू झाला. भूशास्त्रज्ञ त्या कालखंडाला "मेघालयन" म्हणतात, कारण त्याचा पुरावा मेघालयातल्या एका गुहेतल्या चुनखडीच्या थरांत मिळाला. धोळावीराची घसरण साधारण त्याच काळातली. पाऊस कमी होत गेला, समुद्र मागे हटला, दूरचा व्यापारही रोडावला. यातलं नेमकं कशाचं वजन किती, यावर अजून वाद आहेत.

शेवटी शहर आकसलं, मध्ये काही काळ रिकामंही राहिलं. नंतर परत आलेल्या लोकांनी आखीव चौकोनी घरं बांधली नाहीत. त्यांनी गोल झोपड्या बांधल्या. कच्छमध्ये आजही "भुंगा" नावाची गोल घरं दिसतात. दोघांमध्ये थेट नातं आहे असं मी म्हणत नाही, पण आम्ही रात्री अशाच एका गोल घरात राहिलो होतो, त्यामुळे तो गोल पाया बघताना जरा थबकलोच.

माझ्या मित्राचं म्हणणं होतं, "शेवटी हरलेच ना?" मला तसं वाटत नाही. कुठलीही साठवण ठरावीक दुष्काळापुरतीच पुरते. दोन वर्षं पाऊस नाही झाला तर हौद वाचवतो, पिढ्यान्‌पिढ्या कमी झाला तर नाही वाचवत. पण ज्या जागी आज आपण दोन बाटल्या पाण्याशिवाय तासभर फिरत नाही, तिथे दीड हजार वर्षं काढणं याला हरणं कसं म्हणायचं? पुण्यात ज्या सोसायटीत मी भाड्याने राहतो ती जेमतेम बारा वर्षांची आहे, आणि मार्चपासून तिथे टँकर येतो. गच्चीवरचं पावसाचं पाणी मात्र पाइपातून सरळ रस्त्यावर.

जायचं असेल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. भुजहून खावड्यामार्गे रणातून जाणारा नवा रस्ता झालाय, दीडशे किलोमीटरच्या आत पोचता. दोन्ही बाजूंना पांढरं मीठ, त्यामुळे फोटोसाठी गाड्या मध्येच थांबतात, जपून चालवा. सकाळी लवकर आत शिरा, सावली जवळजवळ नाहीच. टोपी आणि पाणी विसरू नका. गावातला गाइड नक्की घ्या. शेजारी पुरातत्त्व खात्याचं छोटं संग्रहालय आहे, ते आधी बघितलंत तर आत काय बघायचं ते कळतं.

आणि एक. जमिनीवर जागोजागी खापरं पडलेली असतात. आमच्यातल्या एकाने एक लालसर तुकडा उचलून खिशात टाकायला घेतला, तर काका एवढंच म्हणाले, "जिथून उचललं तिथेच ठेवा." खापर घरी शोकेसमध्ये नुसतं खापर असतं. जागेवर असतं तेव्हा ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे सांगतं. लॉगमधून एक ओळ उचलून तिची वेळ पुसून टाकली तर तिचा काय उपयोग? तसंच आहे हे. मित्राने तुकडा बरोबर त्याच खड्ड्यात परत ठेवला.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात जुनी बारव, टाकं, आड असं काही असेल, तर ते आज कुठल्या अवस्थेत आहे, पाणी आहे की कचरा, ते मला कळवा. जमलं तर एक भाग त्यावरच करू. आणि या पावसाळ्यात एकदा गच्चीवर जाऊन बघा, तुमच्या छपरावरचं पाणी नक्की कुठे जातं.

भेटू पुढच्या भागात.